समोरचाही विचार करतो

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)

पत्ते हा शब्द उच्चारला की आपल्याकडे दोन प्रतिक्रिया ठरलेल्या. काहींना उन्हाळ्याच्या सुटीतलं बदाम सात, मेंढीकोट आणि झब्बू आठवतं. काहींच्या भुवया उंचावतात आणि प्रश्न येतो, 'म्हणजे जुगार का?' मला आज या दोहोंच्या मधल्या जागेबद्दल बोलायचं आहे. पत्त्यांचे काही डाव असे असतात, की पानं नशीब वाटतं, पण पुढचा सगळा हिशेब माणसांचा असतो. पोकर हा त्यांतला सर्वांत गाजलेला डाव. आणि त्या डावातल्या एका खास प्रतिस्पर्ध्याबद्दल मी बोलणार आहे. हा गडी वाटेल त्या पानांवर खेळतो, सतत रक्कम वाढवत राहतो, पण तो वेडा नसतो. हे सगळं तो विचार करून करतो. अशा माणसासमोर बसल्यावर आपण आपला खेळ कसा बदलायचा?

मी आयुष्यभर संख्याशास्त्र शिकवलं. नोकरीच्या निमित्तानं काही वर्षं अमेरिकेत एका विद्यापीठाच्या गावी राहिलो. तिथं शुक्रवारी संध्याकाळी आम्ही सात-आठ जण जमायचो आणि चिल्लर लावून पोकर खेळायचो. एखाद्याचा दिवस फारच वाईट गेला, तर पंधरा-वीस डॉलर जायचे. शक्यतांचं गणित वर्गात शिकवणं वेगळं आणि समोर हसतमुख माणूस बसलेला असताना ते वापरणं वेगळं, हे त्या टेबलावर रोज दिसत असे.

ज्यांनी पोकर पाहिलेला नाही, त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. घरी समजून घ्यायचा असेल तर पैशांऐवजी चिंचोके घ्या, काही अडत नाही. आज सर्वांत जास्त खेळला जाणारा प्रकार म्हणजे टेक्सास होल्डेम. प्रत्येकाला दोन पानं झाकून मिळतात. मग टेबलाच्या मधोमध सर्वांसाठी तीन पानं उघडी मांडतात, नंतर चौथं, नंतर पाचवं. आपली दोन आणि मधली पाच, अशा सात पानांतून ज्याची पाच पानं सरस, तो जिंकला. जोडी, दोन जोड्या, तीन सारखी पानं, ओळीनं पाच, एकाच रंगाची पाच, अशी चढती भाजणी. प्रत्येक टप्प्यावर चिंचोके लावायची फेरी होते. कुणी लावले तर इतरांनी तेवढे भरायचे, वाढवायचे किंवा पानं टाकून द्यायची. मध्ये साठत जातो त्या ढिगाला पॉट म्हणतात. सगळ्यांनी पानं टाकली तर उरलेला एकटा पॉट घेतो, आणि त्याला आपली पानं दाखवावी लागत नाहीत. झाकली मूठ सव्वा लाखाची ही म्हण जणू याच खेळासाठी केली असावी.

आपल्या तीन पत्तीचं तत्त्व हेच आहे. सणासुदीला रंगलेल्या बैठकीत एखादे काका पानांकडे न बघता 'ब्लाइंड' खेळत राहतात. पानं बघून खेळणाऱ्याला ब्लाइंडच्या दुप्पट चाल द्यावी लागते. हातात बरी जोडी असलेला सभ्य माणूस दोन-तीन चालींनंतर घाम पुसतो आणि पॅक करतो. काकांकडे काय होतं, ते काकांनाही माहीत नसतं! दडपणाला स्वतःची एक किंमत असते, ती अशी.

ही किंमत येते कुठून? एक साधा आकडा सांगतो. होल्डेममध्ये तुमच्या हातात दोन वेगवेगळी पानं असतील, तर मधली पहिली तीन पानं उघडल्यावर तुमची निदान एक जोडी जमण्याची शक्यता साधारण तीनात एक आहे. म्हणजे तीनात दोन वेळा तुमच्या हाती काहीही लागत नाही. समोरच्याचंही तेच. दोघांच्याही झोळीत बहुतेक वेळा काही नसतं. मग पॉट कुणाला मिळतो? जो आधी हिमतीनं चिंचोके पुढे सरकवतो त्याला.

टेक्सासच्या डॉइल ब्रन्सन यांनी हे फार लवकर ओळखलं. लास वेगासमध्ये १९७० साली सुरू झालेली पोकरची जागतिक स्पर्धा त्यांनी १९७६ आणि १९७७ अशी लागोपाठ दोन वर्षं जिंकली. गंमत अशी, की दोन्ही वर्षी शेवटच्या डावात त्यांच्या हातात दश्शी आणि दुर्री होती. कुणीही शहाणा माणूस फेकून देईल अशी ती पानं. १९७९ साली त्यांचं 'सुपर/सिस्टम' हे जाडजूड पुस्तक आलं. त्यात त्यांनी चढाईच्या खेळाचं शास्त्र मांडलं. छोटे छोटे पॉट सतत उचलत राहा, लोक कंटाळून तुमच्यावर धावून येतील, आणि नेमकं तेव्हा तुमच्याकडे चांगली पानं असतील, असा त्याचा मथितार्थ. ब्रन्सन २०२३ साली गेले, पण त्यांची ही शिकवण प्रत्येक टेबलावर आजही बसलेली दिसते.

आता चढाई करणाऱ्यांतही दोन जाती आहेत. एक नुसता धडक मारणारा. त्याच्यासाठी वेगळं काही करावं लागत नाही. चांगल्या पानांची वाट पाहावी, तो आपण होऊन चिंचोके आणून देतो. दुसरा कबड्डीतल्या मुरलेल्या चढाईबहाद्दरासारखा. त्याची नजर रेषेवर कमी आणि आपल्या पायांवर जास्त असते. कोण मागे सरतो, कोण उतावीळपणे झेप घेतो, हे तो टिपत असतो. मला बोलायचं आहे ते या दुसऱ्याबद्दल.

आमच्या टेबलावर असा एक गृहस्थ होता. भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत काम करायचा. उंच, गप्पिष्ट, सदा हसतमुख. दहा डावांतले सहा-सात तो खेळायचा आणि खेळायचा तो वाढवूनच. त्याच टेबलावर महाराष्ट्रातून संशोधनासाठी आलेला एक विद्यार्थीही असे. मुलगा हुशार, पण भिडस्त. दर शुक्रवारी तो पंधरा डॉलर हरून घरी जायचा. त्याच्या शिष्यवृत्तीत पंधरा डॉलर म्हणजे आठवड्याचा भाजीपाला होता. येणं बंद करावं, तर त्या परक्या गावात माणसांत बसायची तेवढी एकच संध्याकाळ त्याला होती. एकदा परतताना त्यानं मला विचारलं, "सर, तो मला मुद्दाम हेरतोय का?" मी म्हटलं, "हेरणारच. तू दर वेळी पानं टाकतोस, हे त्याला दिसत नाही असं तुला वाटतं का?"

अशा गड्यासमोर माणसं सहसा तीन गोष्टी करतात. पहिली, दबा धरून बसणं. एक्क्यांची जोडी येऊ दे, मग बघतो याला. पण हातात एक्क्यांची जोडी येण्याची शक्यता २२१ डावांत एकदा. तासाला पंचवीस-तीस डाव झाले, तर सात-आठ तासांनी एकदा ती येणार. आणि इतका वेळ गप्प बसलेला माणूस अचानक रक्कम वाढवतो तेव्हा समोरचा विचारी गडी काय करतो? हसतो आणि पानं टाकतो. सात तासांच्या तपश्चर्येचं फळ चार चिंचोके!

दुसरी गोष्ट चिडणं. 'आज याला सोडत नाही' असं म्हणून प्रत्येक वेळी भरत जाणं. विचारी गड्याला हे दोन डावांत कळतं. तो हूल देणं थांबवतो, फक्त खरी पानं घेऊन येतो आणि आपण भरत राहतो. तिसरी गोष्ट, त्याच्यासारखंच होऊ पाहणं. त्यानं वाढवलं की आपण वाढवायचं. यात खेळ संपतो आणि अहंकाराची रस्सीखेच सुरू होते. त्याला त्या रस्सीखेचीची वर्षानुवर्षांची सवय असते, आपल्याला नसते.

तिन्ही गोष्टींत एक समान दोष आहे. तिन्हींत आपण काय करणार, हे त्याला आधी कळतं.

मग करायचं काय? आधी भावाची घासाघीस समजून घेऊ. समजा पॉटमध्ये शंभर चिंचोके आहेत आणि त्यानं शंभर लावले. आता तुम्हाला शंभर भरून दोनशे जिंकायची संधी आहे. तीनात एकदा जरी तुम्ही जिंकलात, तरी तुमचा तोटा नाही. दोनदा शंभर-शंभर गेले, एकदा दोनशे आले, हिशेब मिटला. त्यानं पन्नासच लावले असते, तर चारात एकदा जिंकणं पुरलं असतं. आता हाच सौदा त्याच्या बाजूनं बघा. त्याच्याकडे काहीच नाही आणि शंभरासाठी तो शंभराची हूल देतोय. तुम्ही निम्म्याहून अधिक वेळा पानं टाकत असाल, तर तो डोळे मिटून फायद्यात आहे. त्याला पानं बघायचीही गरज नाही.

म्हणून 'त्याच्याकडे काय असेल?' हा पहिला प्रश्नच नव्हे. पहिला प्रश्न असा: मी किती वेळा पळ काढतो? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आपल्याला पक्कं माहीत असतं किंवा निदान मोजता येतं. पहिल्याचं कधीच कळत नाही.

याच्या मुळाशी गणित आहे. जॉन फॉन नॉयमन या गणितज्ञानं १९२८ साली दोन खेळाडूंच्या खेळांवर एक मूलभूत शोधनिबंध लिहिला. पुढे १९४४ साली ऑस्कर मॉर्गनस्टर्न या अर्थशास्त्रज्ञाबरोबर त्यानं 'थिअरी ऑफ गेम्स अँड इकॉनॉमिक बिहेवियर' हा ग्रंथ लिहिला आणि त्यात पोकरला स्वतंत्र जागा दिली. आपल्याला वाटतं, हूल देणं हा स्वभावाचा भाग आहे, धीटपणाचा किंवा लबाडीचा. फॉन नॉयमननं दाखवलं, की ती शुद्ध गणिताची गरज आहे. कधीच हूल न देणाऱ्या माणसाच्या चांगल्या पानांवर कुणी पैसे भरत नाही. हूल दोन कामं करते. कमजोर असताना बलवान असल्याचा भास देते, आणि बलवान असताना 'कदाचित कमजोर असेल' ही शंका जिवंत ठेवते. 'लांडगा आला रे आला' ओरडणारा गुराखी गोष्टीत फसतो, कारण त्याला मदत हवी असते. पोकरमधल्या गुराख्याला, खरा लांडगा आला तेव्हा कुणी विश्वास ठेवू नये, हेच तर हवं असतं!

फॉन नॉयमनच्या त्या नमुन्यातून आणखी एक गोष्ट निघते आणि ती फारच उपयोगी आहे. मोठी रक्कम कशावर लावायची? सर्वोत्तम पानांवर आणि अगदी टाकाऊ पानांवर. मधल्या पानांवर लावायची नाही. कारण मधल्या पानांना, फुकट उघडायची वेळ आली तर, जिंकायची थोडी आशा असते. टाकाऊ पानांना हुलीशिवाय दुसरा मार्गच नसतो. विचारी चढाईबहाद्दर नेमकं हेच करतो. त्यानं शेवटच्या फेरीत मोठी रक्कम लावली, तर त्याच्याकडे एक तर खूप आहे किंवा काहीच नाही.

आता आपल्या हातातली मधली जोडी घ्या. त्याच्या सगळ्या हुलींना ती हरवते आणि त्याच्या सगळ्या खऱ्या पानांपुढे हरते. मग अशा वेळी आपण आणखी वाढवून काय साधतं? ज्यांना आपण हरवलं असतं ती पानं तो टाकून देईल, आणि ज्यांच्यापुढे आपण हरतो ती घेऊन तो आनंदानं पुढे येईल. म्हणून मधल्या पानांनी वाढवू नये. गप्प राहावं आणि निवडक वेळी निमूट भरावं. हूल पकडायचं जाळं म्हणजे ही मधली पानं. एरवी तुमच्या रागाचा किंवा भीतीचा पहिला बळी तीच ठरतात.

त्या विद्यार्थ्याला मी हे कागदावर मांडून दाखवलं होतं. दोन आठवड्यांनी तसा डाव आला. त्याच्या हातात बदामचा एक्का आणि बदामची नव्वी. मध्ये इस्पिकचा राजा, चौकटची नव्वी, इस्पिकची चव्वी, मग किलवरची सत्ती आणि शेवटी चौकटची दुर्री. म्हणजे मुलाकडे नव्व्यांची जोडी, राजाच्या खालची. आमचा चढाईबहाद्दर प्रत्येक फेरीला रक्कम लावत आला होता. शेवटी पॉटमध्ये बारा डॉलर होते आणि त्यानं बारा लावले.

मुलानं या वेळी घाई केली नाही. मधली दोन इस्पिकं सोडली, तर बाहेर अकरा इस्पिकं होती. अकरांतून दोन निवडायचे ५५ प्रकार. त्यांतल्या कुठल्याही दोन इस्पिकांवर चढाई सुरू केली असेल आणि पाचवं इस्पिक आलं नसेल, तर समोरच्याला हुलीशिवाय गत्यंतर नव्हतं. आणि मुलाच्या स्वतःच्या हातात एकही इस्पिक नव्हतं. असतं, तर ते ५५ प्रकार घटून ४५ झाले असते. समोरचा मोकळ्या हाताचा गडी, त्यामुळे त्यातले बरेच प्रकार तो खरोखरच खेळणारा. तीनात एकदा जिंकायला हवं होतं. त्यानं बारा डॉलर भरले.

समोरच्यानं राजा दाखवला. मुलगा हरला.

घरी परतताना तो गप्प होता. बारा डॉलर हा त्याच्यासाठी विनोद नव्हता. मी एवढंच म्हटलं, "हरलास, पण बरोबर हरलास." संख्याशास्त्राच्या माणसाला हे वाक्य सोपं वाटतं, पण खिशातून पैसे गेलेल्याला ते पचायला वेळ लागतो. एका डावाच्या निकालावरून निर्णय चांगला की वाईट ते ठरत नाही. छत्री घेऊन निघालो आणि पाऊस पडला नाही, म्हणून छत्री घेणं चूक ठरत नाही, तसंच हे.

खरा परिणाम पुढच्या शुक्रवारपासून दिसू लागला. हा मुलगा मधली जोडी घेऊन शेवटपर्यंत भरतो, हे चढाईबहाद्दरानं पाहिलं होतं. त्याचा हात मुलासमोर आखडला. दुबळ्या पानांवर तो आता दुसऱ्यांकडे वळू लागला. मुलाचे छोटे छोटे पॉट त्याच्याकडेच राहू लागले. बारा डॉलरला त्यानं काय विकत घेतलं, ते तेव्हा त्याला कळलं.

पण इथंच कसोटी असते. समोरचा बदलला की आपणही बदलायचं. ज्यानं हूल कमी केली आहे, त्याच्या मोठ्या रकमेवर पूर्वीसारखं भरत राहणं म्हणजे पुन्हा ठरावीक होणं. आता पानं टाकण्याचं प्रमाण थोडं वाढवायचं. काही आठवड्यांनी त्याला ते कळेल, तो पुन्हा चढाई सुरू करेल आणि तुम्ही पुन्हा भरायला लागाल. विचारी माणसाविरुद्ध कायमचा तोडगा नसतो. तोडगा काही दिवस चालतो, आणि ते दिवस संपलेले ओळखता येणं हेच कौशल्य.

ते ओळखायचं कसं? इथं मी मुलांना वर्गात सांगायचो ते सांगतो. नमुना कसा गोळा झाला, ते आधी पाहा. टेबलावर आपल्याला कुणाची पानं दिसतात? शेवटपर्यंत भरलं गेलं त्याच डावांतली. सगळ्यांनी पळ काढला त्या डावांत त्याच्याकडे काय होतं, ते कधीच उघड होत नाही. म्हणून 'याच्याकडे नेहमीच असतं' किंवा 'हा नेहमीच थापा मारतो' हे दोन्ही निष्कर्ष अर्धवट नमुन्यावर उभे असतात. काही बेरके तर जिंकल्यावर मुद्दाम आपली हूल उघडी करून दाखवतात. ती फुकटची माहिती नसते, ती जाहिरात असते! त्या मुलानं एक छोटी वही केली होती. किती डावांत त्यानं शेवटच्या फेरीत मोठी रक्कम लावली, त्यांतले किती उघडले, उघडल्यावर काय निघालं. तीन नोंदींवरून काही ठरवायचं नाही, हा त्याचा नियम होता. तिसावी नोंद झाल्यावर तो जरा बोलू लागला.

बसायची जागा हीसुद्धा किरकोळ गोष्ट नव्हे. पोकरमध्ये पाळी घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरते. चढाई करणारा आपल्या उजव्या हाताला बसलेला असावा, म्हणजे तो आधी बोलतो आणि आपण नंतर. तो डाव्या हाताला असेल, तर आपण प्रत्येक वेळी अंधारात पाऊल टाकतो आणि तो उजेडात. जागा निवडायची मुभा असेल, तर अर्धा डाव तिथंच सावरतो.

कधीकधी तर काहीच न करणं हीच सर्वांत मोठी चाल ठरते. १९८८ सालच्या जागतिक स्पर्धेच्या अंतिम डावात जॉनी चॅनसमोर एरिक सायडेल होता. चॅन आदल्या वर्षीचा विजेता. त्याच्या हातात गुलाम आणि नव्वी, आणि मधल्या पहिल्याच तीन पानांत राणी, दश्शी, अठ्ठी. ओळ तयार! सायडेलकडे राणीची जोडी. चौथ्या पानानंतर दोघांनीही काही लावलं नाही. पाचव्या पानालाही चॅन गप्प राहिला. सायडेलनं जवळचं सगळं पुढे सरकवलं आणि स्पर्धा तिथंच संपली. 'राउंडर्स' या १९९८ सालच्या चित्रपटात या डावाची चित्रफीत दाखवली आहे. चॅननं गळ टाकला आणि दोरी हलवली नाही. चढाई करणाऱ्याला रिकामं अंगण दिसलं की राहवत नाही. चांगली पानं असताना त्याला पुढे येऊ द्यावं, मध्येच आपण वाढवून त्याला सावध करू नये.

आता याच्या नेमकं उलट उदाहरण. २००३ साली त्याच स्पर्धेत ८३९ जण उतरले होते. प्रवेश शुल्क दहा हजार डॉलर. अंतिम फेरीत एका बाजूला सॅम फरहा, मोकळ्या हाताचा, चढाईसाठी नावाजलेला आणि पक्का विचारी व्यावसायिक. दुसऱ्या बाजूला ख्रिस मनीमेकर, टेनेसी राज्यातला एक हिशेबनीस. शंभर डॉलरपेक्षाही कमी शुल्काच्या इंटरनेटवरील पात्रता स्पर्धेतून तो तिथवर पोचला होता. एका डावात फरहाकडे नव्व्यांची जोडी होती, मध्ये दिसणाऱ्या पानांत तीच वरची. मनीमेकरकडे राजा आणि सत्ती. ओळ किंवा इस्पिकं जमतील म्हणून तो थांबला होता, दोन्ही जमलं नाही. शेवटचं पान पडल्यावर त्यानं सर्व चिप्स पुढे सरकवल्या. फरहा बराच वेळ विचारात पडला. याचा रंग हुकला असावा, असा अंदाजही त्यानं बोलून दाखवला. अंदाज अगदी बरोबर होता. आणि तरीही त्यानं पानं टाकली. थोड्याच वेळात मनीमेकर पंचवीस लाख डॉलर जिंकून विश्वविजेता झाला.

या डावावर आजवर खूप चर्चा झाली आहे. मला त्यात एक गोष्ट महत्त्वाची वाटते. जो विचार करत नाही, त्याला हूल देता येत नाही. त्याला आपली जोडी दिसते आणि तो भरून मोकळा होतो. हूल विचार करणाऱ्यालाच लागते, कारण आपण सांगितलेली गोष्ट तो ऐकतो, तपासतो, तिच्यात गुंततो. म्हणून चढाईबहाद्दराला क्वचित, अगदी क्वचित, त्याचंच औषध द्यावं. रोज दिलं की त्याचा गुण जातो.

आणि शेवटी यंत्राची गोष्ट. जानेवारी २०१७ मध्ये अमेरिकेत पिट्सबर्गच्या एका कॅसिनोत वीस दिवस एक सामना चालला. कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या तुओमास सँडहोम आणि नोम ब्राऊन यांनी तयार केलेली 'लिब्रेटस' ही संगणकप्रणाली एका बाजूला, चार अव्वल व्यावसायिक खेळाडू दुसऱ्या बाजूला. एकास एक असे एक लाख वीस हजार डाव झाले. यंत्र कमालीचं आक्रमक खेळलं. पॉटच्या कितीतरी पट रक्कम ते सहज लावायचं. म्हणजे विचारी चढाईबहाद्दराचा अर्कच म्हणा. शेवटी ते सतरा लाख डॉलरहून अधिक किमतीच्या चिप्सनी जिंकलं.

पण मला थक्क केलं ते वेगळ्याच गोष्टीनं. ते चौघं रोज रात्री एकत्र बसून यंत्राच्या कच्च्या जागा शोधायचे. दुसऱ्या दिवशी तिथं घाव घालायला जावं, तर ती जागा भरून निघालेली! दिवसभरात माणसांनी कुठं कुठं चाचपून पाहिलं, ते पाहून रात्रीत यंत्र स्वतःचीच भोकं बुजवत होतं. माणसांच्या मनात काय आहे, हे शोधण्यात ते आपली शक्ती खर्च करत नव्हतं. समोरचा नेमका कुठं बोट ठेवतो, ते पाहून ते तेवढी जागा पक्की करायचं.

आमच्या त्या विद्यार्थ्यानं नकळत तेच केलं होतं. त्यानं चढाईबहाद्दराचं मन वाचलं नाही. आपण दर वेळी पळतो, ही स्वतःची कच्ची जागा त्यानं बुजवली. समोरच्या विचारी माणसाचं सगळं भांडवल म्हणजे आपल्या ठरावीक सवयी. भीती ही सवय, राग ही सवय, 'याला दाखवतोच' हीही सवय. त्या काढून घेतल्या, की तो उरतो आपल्यासारखाच दोन पानं हातात धरलेला एक माणूस. त्याच्याही हाताला तीनात दोन वेळा काही लागलेलं नसतं.

जाता जाता एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. हे भाषण पैसे लावण्याचं आमंत्रण नाही. आपल्या संसदेनं ऑगस्ट २०२५ मध्ये कायदा करून पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली, मग ते कौशल्याचे असोत की नशिबाचे. त्यामागे अनेक घरांची दुःखं आहेत. स्टू अंगर हा १९८०, १९८१ आणि १९९७ असा तीनदा जागतिक स्पर्धा जिंकलेला खेळाडू. चढाईत आणि समोरच्याला ओळखण्यात त्याचा हात धरणारे थोडेच. १९९८ साली तो लास वेगासच्या एका साध्या मोटेलमध्ये मृतावस्थेत सापडला, तेव्हा त्याच्या गाठीशी जवळपास काही उरलं नव्हतं. समोरच्याला ओळखणं एक विद्या आणि स्वतः कुठं थांबायचं हे ओळखणं दुसरी. पहिली आली म्हणून दुसरी येतेच असं नाही.

तेव्हा चिंचोके घ्या, घरातल्या सर्वांत धीट माणसाला उजव्या हाताला बसवा आणि तासभर खेळून पाहा. जवळ एक कागद ठेवा. त्यावर त्याच्या चुका लिहू नका. आपण किती वेळा पानं टाकली आणि त्यांतली किती वेळा नुसत्या घाबरून टाकली, तेवढंच लिहा.